उलटी फेरी

५ फेब्रुवारी, बुधवार
कॉलेज सुटल्यावर थेट माळावर. लोह्याच्या पुढं फाट्यावर उतरून चालत गेले, चपलांची वाट लागली. जत्रेच्या शर्यतीसाठी फलक करायचाय, वर ट्रॅकचा नकाशा, खाली इतिहास. भूगोलाची मॅडम कमिटीत असल्यावर हे काम दुसऱ्या कुणाकडं जाणार!

इतिहास बापूरावांनी सांगितला. माळ त्यांचा, कमिटीचे अध्यक्षही तेच. "आधी म्हसोबाभवती बैलगाड्या पळायच्या. बैलांवर बंदी आली तशी पोरं मोटारसायकली घेऊन आली. जत्रा तर मोडायची न्हाई ना, मॅडम." पुढं बंदी उठली, बैल परत आले, पण मोटारसायकली गेल्या नाहीत. आता लातूर, उदगीर, देगलूरकडची पोरंही येतात.

फेरी कायम म्हसोबा उजव्या हाताला ठेवून. प्रदक्षिणाच ती. लिंबापासून सुटायचं, लांब सरळ पट्टा, मग कवठाच्या झाडाशी उजवं वळण चढावर, तिथून तळ्याचा बांध, आणि पलीकडून हळूहळू खाली परत लिंबाशी. कवठाला चढ असल्यामुळं गाडीचा जोर आपसूक कमी होतो. मोजमाप करताना लक्षात आलं, जुन्या लोकांनी बैल दमवायची जागा बरोबर शोधली होती.

समोच्चरेषा सुबक आल्यात. खूश आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
सराव. आमचा रणजित पुन्हा वैशालीच्या मागं पडला. गेल्या वर्षी ह्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उजव्या वळणाला पाय टेकवायचा म्हटलं की घाबरतो, गाडी रुंद जाते. आणि इथं सगळी वळणं उजवीच.

वैशाली माझीच विद्यार्थिनी, अर्धापूरची. शर्यतीत उतरणारी एकटी पोरगी. कवठाला अशी आत शिरते की बापूराव सुद्धा "व्वा गं वाघिणी" म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या. खऱ्या वाजवल्या का? अर्ध्या.

रणूनं जेवताना मान वर केली नाही. शेवटी म्हणाला, "डावी वळणं असती ना आई, तर दाखवलं असतं." मी भांडी आवरत होते. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ऐकलं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
मीटिंग. मी उन्हाचा मुद्दा काढला. शर्यत दुपारनंतर, सरळ पट्ट्यावर सूर्य नेमका डोळ्यासमोर येतो, फेरी उलटी घेतली तर पाठीवर येईल. खोटं नाही. पण इतकी वर्षं पोरं त्याच उन्हात पळाली, तेव्हा मला कधी सुचलं नव्हतं.

बापूराव कचरले. "उलटी प्रदक्षिणा? देवाला चालंल का?"

"देवाला प्रदक्षिणा माणसं घालतात, बापूराव. मोटारसायकली नाही."

सगळे हसले. झालं, मंजूर! सूर्याच्या बाबतीत मॅडमला कोण खोडणार? दोन दिवस सराव उलटा घ्यायचं ठरलं. वैशाली मागं उभी होती. तिनं फक्त विचारलं, "कवठाला उतार येईल ना मॅडम?" मी म्हणाले, "उतार थोडासाच आहे." आणि तिनं मान डोलावली. मॅडम म्हणतायत म्हणजे असंलच.

घरी रणू दारातच. "आई, माझ्यासाठी केलंस ना?"

"गुमान जेव."

हसला. त्याचं हसणं बघून बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

१६ फेब्रुवारी, रविवार
शर्यत. रणजित पहिला.

वैशाली कवठाला पडली. बांधावरून जोरात उतरली, वळणावर मुरूम सुटा, मागचं चाक निसटलं. गाडी तिच्या पायावर. मी लिंबाशी होते, धुरळाच दिसला नुसता. लोक पळाले. मीही पळाले. ती ओरडत नव्हती, ओठ चावून राहिली होती.

नांदेडला आणली. मांडीचं हाड मोडलंय, गळ्याजवळचंही.

उतार थोडासाच आहे म्हणे. बाई, नकाशा तू काढलास! त्या जागी रेषा एकमेकींना चिकटल्यात, बारावीचं पोरगंही सांगेल की तिथं उतार तीव्र. मला ठाऊक होतं. बोलताना मला ठाऊक होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
दवाखान्यात गेले. तिचे वडील केळीच्या वखारीत असतात, कामावरून तसेच आलेले. मला बघून उठले, खुर्ची दिली. मला! मी बसले पण.

वैशाली म्हणाली, "मॅडम, चूक माझीच. ब्रेक उशिरा मारला. तुम्ही आता उन्हातान्हात हेलपाटे नका घालू."

तिच्या आईनं चहा मागवला. प्याले.

२० फेब्रुवारी, गुरुवार
कमिटी बसली. मला वाटलं आज कुणीतरी धरणार, मॅडम, उलटी फेरी कुणी आणली? मनातल्या मनात उत्तरं जुळवून गेले होते. कुणी विचारलंच नाही.

बापूराव म्हणाले, देवाला उलटी फेरी सोसली न्हाई, पुढच्या साली पहिल्यासारखी घेऊ. इथवर ठीक. मग कोपऱ्यातून एक जण: "फेरीचं काय घिऊन बसलाव? बाईमाणूस रिंगणात उतरलं, त्याचंच हाय हे. ह्याच्या आधी कधी कुणाचं हाड मोडलं का?" बाकीच्यांनी माना डोलावल्या, हाव, हाव. पोरींना बंदी घाला असं आलं. बापूरावांना पटत नव्हतं, तरी ते बोलले, "२ तारखेच्या रविवारी बसू, तवा काय ते ठरवू."

मी म्हणाले, "देवाचा काय संबंध?" एवढंच. त्यावर तोच माणूस, "मॅडमचा दोष न्हाई. त्यांनी उन्हाचं सांगितलं, ते शास्त्र हाय."

शास्त्र! इतिवृत्त मीच लिहीत होते. माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: मुलींच्या सहभागाबाबत निर्णय पुढील बैठकीत. खाली सहीसुद्धा केली.

जन्मभर वर्गात ओरडून राहिले, ग्रहणात भाजी चिरा, काही होत नाही. आणि आज म्हसोबाच्या आड जाऊन बसले. लाज वाटते. लाज वाटते म्हणून सांगायला पाहिजे, आणि सांगायचीही लाजच वाटते.

२३ फेब्रुवारी, रविवार
शेजारच्या काकू पेढे मागायला. "पोरगा पहिला आला, आम्हाला पत्ताच न्हाई!" दिले पेढे. रणजितनं करंडक कपाटावर मागं सरकवून ठेवलाय. दवाखान्यात एकदाही गेला नाही. विचारलं तर म्हणाला, "जाऊन काय बोलू?" आवाज चढवला मी त्याच्यावर. कशापायी चढवला? मी जाऊन कोणते दिवे लावले?

ह्यांना सांगायचं होतं. रेल्वेच्या ऑफिसातून दमून आले होते, म्हणून नको. हे कारणच झालं, कळतंय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
वैशालीला घरी सोडलंय. तिच्या आईचा फोन आला होता, "मॅडम, बंदीचं चाललंय ते कळल्यापासून पोरगी जेवून न्हाई राहिली. तुमचं ऐकतेत लोक. काही करता का?" म्हणून अर्धापूरला गेले. एकटी.

खाटेवर पडलेली. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिचं हेल्मेट टांगलेलं, एका बाजूनं खरवडलेलं. आई आत गेल्याबरोबर बोलून टाकलं. नाहीतर परत चहा पिऊन उठले असते.

म्हणाले, "ऊन निमित्त होतं. रणजितला डावी वळणं जमतात म्हणून मी फेरी उलटी करवली. उतार मला माहीत होता. तू विचारलंस तेव्हाही."

ती वर पत्र्याकडं बघत राहिली. रडेल वाटलं, रडली नाही. मलाच रडू फुटलं, तर म्हणाली, "मॅडम, तुम्ही नका रडू. मला कसंतरी होतंय." डोळे पुसले. ऐकलं तिचं.

मग म्हणाली, "मी रोज गाडी पुन्हा पुन्हा उतरवून बघते मनात. कुठं चुकलं, कुठं चुकलं. लोक म्हणतेत पोरगी म्हणून पडली. मला पण तसंच वाटाय लागलं होतं."

हे कुठं ठेवू मी?

आई केळी घेऊन आली. "घ्या ना मॅडम, बागेतली हायत." वैशालीनं डोळ्यानंच मला गप्प बसवलं. आई परत आत गेली.

"रविवारी कमिटीत सांगताल?"

"सांगते," म्हणाले. आणि खरंच सांगणार आहे. कॉलेजात कळेल, कमिटीतून काढतील, काढू द्या.

"रणजितला माहीत होतं का?"

खोटं बोलवेना. हो म्हणाले.

"मग त्याला पण घेऊन या. शेजारी उभा राहू द्या तुमच्या. नुसतं तुम्ही सांगितलं तर म्हणतील मॅडमला पोरीची दया आली. तो बोलला तर खरं वाटंल त्यांना."

काय चुकीचं बोलली? काहीच नाही. आणि माझ्या तोंडातून काय निघालं, तर "बघते, त्याची परीक्षा जवळ आलीय."

वैशालीनं मान भिंतीकडं वळवली.

घरी आले. रणजित आत अभ्यास करतोय. रविवारचं त्याला अजून विचारलेलं नाही.