ओरानची अजान, राजधानीच्या वेळेनं

प्रिय मिलूद,

तुझा ड्रायव्हर दुपारी पाकातल्या झलाबियाचा डबा आणि एक कागद देऊन गेला. डबा मी शेजारच्या मुलांना देऊन टाकला, कागद समोर आहे. तीस वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, आणि आता लिहिलीस तीही टाइप करून, खाली चॅनलचा शिक्का मारून. मोठी माणसं असंच करतात म्हणे. तू मोठा कधी झालास ते मात्र माझ्या नजरेतून निसटलं. मला तू फक्त जाड झालेला दिसलास, तोही एचडीत.

तुझ्या चॅनलचं कौतुक मी करायलाच हवं, कारण पहिली घोषणा माझ्याच तोंडून करवून घेतलीस. गेले चार महिने शहरभर तुझे फलक लागले होते. ओरानचं पहिलं एचडी चॅनल, गच्चीवर डिश असली की बास, एक दिनार भरायचा नाही, आणि रमजानच्या पहिल्याच दिवशी आपल्या शहराची आपली अजान! आमच्या गल्लीतल्या बायकांनी ‘खैरा आपा दिसणार’ म्हणून पडदे धुतले होते. टीव्हीवर मी दिसणार, आणि पडदे यांनी धुतले! मीही काही कमी नाही. मेकअपच्या खुर्चीत बसले, समोरचे दिवे लागले आणि एकसष्ट वर्षांच्या या बाईचा जीव अगदी हरखून गेला.

त्याच खुर्चीतून मी ते ऐकलं. काचेपलीकडे प्रक्षेपणाच्या मशीनवर मुख्तारिया होती. बावीस वर्षांचा अनुभव असलेली बाई, तुझ्या सगळ्या टायवाल्या पोरांना एका हातानं शिकवील अशी. तिनं तुला फोनवर विचारलं, “साहेब, अजान ओरानच्या वेळेची लावू ना? राजधानीची बारा मिनिटं आधी होते.” तू समुद्रकाठी कानास्तेलच्या हॉटेलच्या गच्चीवर, उद्घाटनाच्या इफ्तारला पाहुण्यांत होतास. फोनचा स्पीकर चालू होता. “अगं बाई, ओरानचं काय घेऊन बसलीस! मंत्रीसाहेब राजधानीत टीव्हीपुढे बसलेत. ज्यूसवाल्यांची जाहिरातही त्याच वेळेला धरलीय. राजधानीची लाव.” तिनं पुन्हा विचारलं, “साहेब, पण खाली ओरान लिहिलंय.” तू म्हणालास, “लिहिलंय तर लिहू दे, वाचतं कोण?”

वाचलं, मिलूद. अख्ख्या शहरानं वाचलं. पडद्यावर ओरान, कानात अजान, लोकांनी खजूर तोंडात टाकले. मशिदींचे भोंगे मात्र गप्प. आणि तुझा तो कॅमेरा, ज्याच्या लेन्सची किंमत तू तीनदा मुलाखतीत सांगितलीस, त्यानं सगळं स्वच्छ दाखवलं. तू मान वर करून ताकाचा पेला ओठाला लावतोयस, मिशीवर थेंब मोजता येताहेत, आणि तुझ्या खांद्यामागे समुद्रावर सूर्य चांगला वीतभर वर आहे. जुन्या धुरकट चित्रात तू सुटलाही असतास. तुझ्या ताटाशेजारचे इमामसाहेब खजूर हातात धरून आभाळाकडे बघत राहिले, तेवढं बघून तरी थांबायचंस. तू दुसरा पेला मागवलास.

तुला हसून विसरून जाता येईल. आमच्याकडे तसं नाही. मुख्तारियाच्या खालच्या मजल्यावरची म्हातारी सेत्ती, वय ब्याऐंशी, बाळंतपणं सोडली तर एक रोजा चुकला नव्हता तिचा. सूर्य मावळायच्या आधी सुटला म्हणून आता तो एक पुन्हा धरायचा, या उन्हाळ्यात, या वयात. मुख्तारियाला जिन्यात अडवून ती रडली. “पोरी, मी तुझं काय वाईट केलं होतं गं?” बाजारात भाजीवाला तिला विचारतो, “काय बाई, ईद कधी लावताय? उद्या दुपारी?” कारण दुसऱ्याच दिवशी तुझ्या माणसांनी पसरवलं की चूक मशीनवरच्या बाईची. घरात दोन मुली लग्नाच्या, नवरा गेलेला, आणि तिच्या दारावर कुणीतरी कोळशानं ‘रोजाचोर’ लिहून गेलं. ते पुसताना मी तिच्याबरोबर होते.

आणि आता हा कागद. उद्या संध्याकाळी अजानच्या आधी मी थेट प्रक्षेपणात वाचायचं की ‘कर्मचारी मुख्तारिया यांच्या निष्काळजीपणामुळे’ वगैरे. माझ्या तोंडून ऐकलं तर लोक मानतील, असं तू ड्रायव्हरकडून कळवलंस. बदल्यात रोज संध्याकाळी माझा स्वतःचा कार्यक्रम. कुठे दाबलं की दुखतं हे तुला अजून पाठ आहे, हे मात्र खरं.

पाठ असणारच. तीस वर्षांपूर्वी सरकारी टीव्ही केंद्रात तू पाळीचा प्रमुख होतास, मी नवी निवेदिका. राष्ट्रीय शोकाच्या दिवशी तू लग्नाच्या गाण्याची टेप लावलीस आणि केंद्राच्या जिन्यात माझे हात धरलेस. “खैरा, चूक तुझी म्हणून तू सही कर. तू बाई आहेस, तुला माफ करतील. मला हाकलतील, मग आपलं लग्न कसं होणार?” मी सही केली. तू खाली धावत गेलास तो कागद पोचवायला. मला तळघरात टेपांच्या कपाटात टाकलं, निवृत्तीपर्यंत. तीन महिन्यांत तू पिठाच्या गिरणीवाल्याचा जावई झालास. तेव्हा मी तुझ्यावर प्रेम करत होते, म्हणून तुला भित्रा म्हणाले नाही. आज म्हणते. तू भित्रा आहेस, आणि या वयात तर तू बेशरमही झालास.

खोटं कशाला बोलू, तो कार्यक्रम मला हवा होता. काल आरशासमोर बसून दोन वाक्यं म्हणूनही बघितली. पण मुख्तारियाला माझ्या तळघरात पाठवून नको. म्हणून उद्या मी येणार आहे आणि वाचणारही आहे. मी काय ऐकलं, कुणी दोनदा विचारलं, कुणी काय उत्तर दिलं, आणि दिव्यांच्या मोहात मी स्वतः कशी तोंड शिवून बसले, तेसुद्धा. तू मला दारातच अडवलंस तर हेच सगळं मी शुक्रवारी नमाजानंतर चौकात उभी राहून सांगेन. तिथे तुझा कॅमेरा लागत नाही. हे पत्र धमकी म्हणून लिहिलेलं नाही, मिलूद. मला तेव्हा कुणी आधी सांगितलं नव्हतं, तुला मी सांगते आहे. उद्या वाचताना शेजारी एक खुर्ची ठेवायला मुख्तारियाला सांगितलं आहे. ती तुझी. येऊन बसलास तर तुझं नाव मी घेणार नाही, ते तुझं तूच घे.

तुझी कधीच न झालेली,
खैरा