नववा डाव आणि लिंडक्विस्टांचं गवत

पेनफोल्ड, आयोवा
जून १९०८

आदरणीय हायरममामांस,
लायमनचा नमस्कार. गुडघ्याची सूज उतरली का? मामीचा खोकला कसा आहे? (तिचा लेप मी छातीला लावतो असं तिला सांगा. बूट त्याने छान चकाकतात, हे सांगू नका.) मी खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

मामा, आमच्या कॉलेजचा बेसबॉल संघ या वर्षी एकही सामना जिंकला नाही. शिकवायला लॅटिनचे प्रोफेसर ट्रॉब्रिज होते, कारण त्यांचा भाऊ म्हणे नावाजलेला खेळाडू. (तो ट्रॉब्रिज दुसराच निघाला, पण तोवर त्यांनी टोपी विकत घेतली होती, मग कोण बोलणार?) मला त्यांनी मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात उभं केलं. तिकडे चेंडू क्वचित येतो, आणि आला तर माझ्या हातात राहत नाही. आमच्याकडे खरा खेळाडू एकच, माझ्या खोलीत राहणारा अर्विड लिंडक्विस्ट. तो चेंडू फेकायचा तेव्हा आधी मागे झेलायला बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यातला आवाज यायचा आणि मग समोरचा बॅट हलवायचा. पण एकट्याने किती फेकायचं? तो अडवायचा, आम्ही सांडायचो.

शेवटचा सामना मार्बरी कॉलेजशी. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, आम्ही काहीच सांडलं नाही. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावापर्यंत आम्ही एका धावेने पुढे! प्रोफेसरांच्या डोळ्यांत पाणी. मी पाणी प्यायला मधे आलो होतो, एवढ्यात कुंपणापाशी गाडी थांबली. अर्विडचे वडील.

"अर्विड, चल. आभाळ भरलंय."

"पप्पा, तीनच जण बाद करायचेत."

"गवत कापून पडलंय. ते तुझ्या तिघांसाठी थांबायचं नाही."

प्रोफेसर समजूत घालायला गेले. घाईत लॅटिन बोलले, म्हातारा स्वीडिशमध्ये बोलला, आणि दोघांनी अदबीने टोप्या काढल्या. गाडी मात्र हलेना. अर्विडने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग जो जवळ होता त्याच्या हातात चेंडू ठेवला. जवळ मी होतो.

"मी? अरे, वेडा का तू?"

"सरळ टाक, लायमन. बाकी देव बघेल."

देव दुसरीकडे बघत होता. माझ्या पहिल्या चेंडूने डीनच्या पत्नीचा लिंबू सरबताचा जग फुटला. दुसरा त्यांच्या एका भिडूच्या नडगीवर बसला, आणि नियमाप्रमाणे तो लंगडत फुकटात पहिल्या बेसवर गेला. तिसरा चेंडू मात्र मी अगदी सरळ टाकला, आणि त्यांच्या धिप्पाड कप्तानाने तो उजव्या कोपऱ्यात भिरकावला. तिथे कोणी नव्हतं. तिथे मी असतो ना! दोन धावा झाल्या, आणि मार्बरी एका धावेने पुढे. कसेबसे तिघे बाद झाले आणि आमची पाळी आली. ती कशी गेली, ते कॉलेजच्या अब्रूसाठी लिहीत नाही.

आणि पाऊस? एक थेंब नाही, मामा.

अर्विड कॉलेजात परत आलाच नाही; वडिलांनी त्याला शेतावरच ठेवून घेतलं. रविवारी मी त्याच्या शेतावर गेलो. गवताच्या ढिगावरून हसून त्याने विचारलं, "सरळ टाकलास ना?" मी हो म्हटलं. "मग झालं तर," म्हणाला आणि पुन्हा लांब दांड्याच्या काट्याने गवत चढवू लागला. कॉलेजचं नाव त्याने काढलं नाही, मलाही काढवेना. निघताना कोठारामागून आलो, तर तिथल्या एका फळीला छातीच्या उंचीवर ताजे खळगे पडलेले. चेंडूचे. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

मामीला नमस्कार.
तुमचा भाचा,
लायमन

ता. क. लिंडक्विस्टांचं शेत तुमच्या ओढ्यापलीकडेच आहे. तुमचा वळू त्यांच्या मक्यात शिरल्यापासून तुम्ही आणि अर्विडचे वडील बोलत नाही, हे ठाऊक आहे. पण तुमच्या शब्दाला ते मान देतात. अर्विडला सप्टेंबरात कॉलेजला पाठवा, एवढं त्यांना सांगाल का? उन्हाळाभर त्याच्याबरोबर मी राबेन.

ता. क. २. आईला आपण जिंकलो असं कळवलंय. सांभाळून घ्या.

ता. क. ३. वळूबद्दल मामांना फार वाईट वाटतं, असं मी त्या रविवारी लिंडक्विस्ट म्हाताऱ्याला सांगून बसलोय. त्याने टोपी मागे सरकवली. मग म्हणाला, "येऊ दे त्याला." येत्या रविवारी दुपारी कॉफीला ते तुमची वाट बघतील. तेव्हा कृपा करून शनिवारपर्यंत वाईट वाटून घ्या.