दाऊद पणजोबांची वही

दोहा, शुक्रवार, १२ ऑगस्ट २०२२

तीर्थरूप एलाझरकाका यांस रूबेनचा शालोम आणि नमस्कार.

डोळ्यांचे थेंब वेळेवर घालता ना? काकूंचा गुडघा कसा आहे? हे पत्र काकूंकडूनच वाचून घ्या, शेजाऱ्यांकडून नको. ऑफिसातला ट्रेवर सुट्टीवर वसईला चालला आहे, त्याच्या हाती देतो. फोनवर मला हे बोलता आलं नाही, तीनदा प्रयत्न केला.

वर्ल्डकपला शंभर दिवस उरले. पहाटे चारला बस निघते, दुपारी उन्हामुळे काम बंद. स्टेडियमबाहेरच्या झाडांना ठिबकच्या नळ्या टाकायचं काम आमच्याकडे आहे. तब्येत बरी आहे. जेवणही बरं आहे.

पणजोबांच्या प्रार्थनांच्या वहीची नक्कल झाली, फक्त तपासतो आहे, असं मी मार्चपासून सांगतो आहे. ते खोटं आहे. बासष्टपैकी अकरा पानं झाली होती. मी आठवी शिकलेला, हिब्रू अक्षर मला लिहिता येत नाही, काढावं लागतं. एकेक पान तीन वेळा तपासल्याशिवाय पुढे जात नव्हतो. आपल्या घराण्यात सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवण्याआधी प्रत्येकाने ही वही स्वतःच्या हाताने, चूक न करता उतरवली. गावाला रब्बी कधी मिळाला नाही, पणजोबा कोचीनच्या शिक्षकाकडे हिब्रू शिकले आणि समोर मराठी अर्थ लिहिला, वहीच आपली रब्बी, हे तुम्ही विमानतळावरही सांगितलंत. घाई करायची मला भीती वाटली.

मार्चमध्ये कळलं की कॅम्पची तपासणी होणार, पेट्या उघडणार. कुणी म्हणालं, असलं पुस्तक सापडलं तर घरी पाठवतात. खरं की खोटं, मी विचारलं नाही. इथे सगळे मला ट्रेवरसारखा ख्रिस्ती समजतात. मी समजू दिलं.

देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, जीर्ण झाला की कब्रस्तानात पुरायचा, हे मला माहीत होतं. वही मलमलीत गुंडाळली, प्लास्टिकमध्ये घातली, नळीसाठी खणलेल्या चरात ठेवली आणि वर माती ओढली. मनाला सांगितलं, आपण रीतच पाळतो आहोत. पण वही जीर्ण नव्हती, काका. मी भ्यालो म्हणून पुरली.

तपासणी झाली की काढणार होतो. तपासणीत त्यांनी शेगड्या आणि ढेकूण पाहिले. दोन दिवसांनी गेलो तर नकाशा बदलला होता. तिथे प्रेक्षकांच्या वाटेची फरशी बसली होती, खाली काँक्रीट. फोरमनला आडून विचारलं, ही फरशी परत उचलणार का? तो म्हणाला, खलास.

परवा फजलला सांगितलं. तो श्रीवर्धनचा, माझ्या वरच्या पलंगावर झोपतो. मला वाटलं हादरेल, तर तो हसला.

"आडनाव आष्टमकर, ताटातली कोलंबी बाजूला काढतोस, शुक्रवारी दिवेलागणीला भिंतीकडे तोंड करून पुटपुटतोस. आमच्या आळीला लागून शनिवार तेल्यांची, तुम्हा यहुद्यांची, घरं होती रे. पहिल्याच आठवड्यात ओळखला तुला."

मग तो हसायचा थांबला. "मला दिली असतीस तर माझ्या कुराणाशेजारी ठेवली असती. कोण हात लावणार होतं?"



अकरा पानं सोबत पाठवतो. किप्पूरच्या उपासाच्या दिवशीची, पणजोबांनी स्वतः रचलेली प्रार्थना चाळिसाव्या पानावर होती. ती कुठेच छापलेली नाही. गेल्या वर्षी दिसत नव्हतं म्हणून तुम्ही ती बरीचशी पाठच म्हणालात, असं काकू सांगत होत्या. काका, जेवढी आठवते तेवढी काकूंच्या मोबाइलवर म्हणून पाठवा. किप्पूरला चोपन्न दिवस आहेत. मी उतरवून काढीन. जिथे अडखळाल तिथे अडखळा, पण मोबाइल बंद करू नका. तेवढी जागा मी कोरी सोडीन. माझ्या मनाचा एकही शब्द तिथे घालणार नाही.

माझ्याशी बोलू नका हवं तर. त्या प्रार्थनेपुरतं बोला.

तुम्ही अजून म्हणू द्याल तर, तुमचा,
रूबेन