ज्योतीच्या खोलीची सावली

१८ ऑक्टोबर
सकाळी छपरावरचं सोलर पॅनल पुसलं. नरडाण्याच्या रस्त्याची धूळ, पुसलं तरी लगेच थर. माझ्या सुतारकामाच्या शेडला विजेचं मीटर नाही, ड्रिल आणि कटरच्या बॅटऱ्या याच उन्हावर भरायच्या. घरी प्लगवर लावावं तर लाइटचा भरवसा नाही.
दुपारी भाऊंची थोरली ज्योती सासरहून, रावेरहून आली. एकटीच. हातात एक पिशवी, दंडावर काळंनिळं. वहिनी तिला आत घेऊन गेल्या. भाऊ ओट्यावर बसून होते. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "ती आते आठेच राही." म्हणजे आता इथेच, परत धाडायची नाही.

२ नोव्हेंबर
भाऊ घरावर ज्योतीसाठी खोली चढवतायत. आज विटा आल्या. त्यांचं घर माझ्या शेडच्या दक्षिणेला. थंडीत ऊन त्याच बाजूने कलतं. भिंत उभी राहिली की पॅनल गेलं सावलीत. बोललो नाही. पोरीसाठी बांधतायत, कुठल्या तोंडाने बोलणार. सौ. पण म्हणाली, बोलू नका.

११ नोव्हेंबर
ड्रिलची एक बॅटरी बसली. चार्जरचा दिवा लाल तो लालच. ज्योती हल्ली दुपारी शेडमध्ये येऊन बसते. बॅटरी उघडून तिच्या हातात व्होल्ट मोजायचं मीटर दिलं. एकेक सेल तपासत गेली, मेलेले दोन तिनेच शोधले. दोघं धुळ्याला जाऊन बदलून आलो. बाकीचे सेल जुनेच, किती दिवस काढतील कोण जाणे. येताना बसमध्ये म्हणाली, काका, मी हेच काम शिकते. बोलताना चेहरा जरा सैल झाला होता. इतक्या दिवसांत प्रथमच.

२९ नोव्हेंबर
भिंत पूर्ण. अकरानंतर पॅनलवर ऊन नाही. एका कोपऱ्यावर सावली आली तरी अख्खं पॅनल झोपतं. हलवायला जागा नाही, पुढे रस्ता, मागे नाला. ट्रॉलीच्या फळ्या अर्ध्यावर पडून, ट्रॉलीवाला चकरा मारतोय.
ज्योती बराच वेळ पॅनलकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "काका, ही सावली मनामुळे पडी राहिनी ना?"
म्हटलं, तुझ्यामुळे नाही गं, पॅनलच जुनं झालंय. तिला पटलं नाही.

१४ डिसेंबर
ज्योतीच्या खोलीचं दार बसवलं. चौकट सागाची, भाऊंनी लाकडात काटकसर केली नाही. तिसऱ्या बिजागरीला ड्रिल थांबलं. दुसरी बॅटरी पण रिकामी. उरलेले स्क्रू हाताने पिळले. शेवटचे दोन ज्योतीने. आतून कडी लावून पाहिली, काढली, परत लावली. बराच वेळ आतच होती. वहिनी जिन्यात बसून डोळे पुसत होत्या.

२१ डिसेंबर
रावेरची माणसं आली. जावई, त्याचा बाप, आणखी चारजण. बैठक भाऊंच्या ओट्यावर. पुन्हा हात लावणार नाही, म्हणाला जावई. मान खाली घालून म्हणाला, सगळ्यांना बरं वाटलं. लोक काय म्हणतील, भाऊंच्या धाकटीचं लग्न व्हायचंय, असं सगळं बोलून झालं. भाऊ विरघळत गेले, मी बघत होतो.
ज्योतीला बाहेर बोलावलं. ती म्हणाली, "माले तठे जानं नही."
एकदाच म्हणाली. माझ्याकडे बघून. मी त्यांना पाणी देत होतो. तांब्या हातात तसाच.
चारच्या सुमारास त्यांची गाडी ज्योतीला घेऊन गेली.

२२ डिसेंबर
काम नाही. शेडमध्ये नुसता…

९ जानेवारी
वरच्या खोलीला कुलूप. सकाळचे दोन तास सोडले तर शेडमध्ये अंधारच. बॅटऱ्या रिकाम्या ठेवल्या की कायमच्या जातात, म्हणून त्या तेवढ्या उन्हात जमेल तशा भरतो. काम होत नाही, बॅटऱ्या जिवंत राहतात फक्त.
संध्याकाळी भाऊ आले. उभ्याउभ्याच. "खोली रिकामीच शे. पॅनल वर मांडी दे."
त्यांना वाटलं असेल, तेवढं तरी करावं माझ्यासाठी. बघतो म्हणालो. नाही नेणार. तिथं पॅनल मांडलं की खोली तिची नाही असं मीच ठरवल्यासारखं होईल. भाऊ खोलीकडे न बघता परत गेले.

२ फेब्रुवारी
दुपारी ज्योतीचा फोन. बठ्ठं चांगलं शे, म्हणाली. आवाज सपाट, शेजारी कोणीतरी असावं. मग हळूच, "काका, इकडे कधी येशात?" आणि फोन बंद. परत लावला, लागला नाही.
भाऊंना सांगितलं. ताटावरून मान वर केली नाही. म्हणाले, त्यांच्या घरात आपण किती शिरायचं. वहिनी भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला.

३ फेब्रुवारी
उद्या रावेरला जातो. त्यांच्या दारात उभं राहून काय बोलायचं ते दिवसभर सुचलं नाही. सौ. म्हणते, बोलू नका काही, तिला घेऊन या. ती येईल का, ते येऊ देतील का. आणि आणली तर भाऊ…
त्यांना अजून सांगितलेलं नाही.