दोरा तुटतो ती जागा

४ नोव्हेंबर

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा पाय प्लॅस्टरमध्ये गेल्याचं कळलं. या वयात स्टुलावर चढून पडदे लावायला कुणी सांगितलं होतं गं?

आता माझं रडगाणं ऐक. आपल्या गाण्याला पन्नास वर्षं झाली म्हणून इथल्या सभागृहात कार्यक्रम आहे, वर माझा सत्कार. पण वाद्यवृंदाच्या संयोजकाने ती जागाच बुजवली! आठवतं ना, तू मशीनवर शिवत होतीस आणि त्या ठेक्यावर मी चाल बांधत होतो. दोरा तुटला, मशीन थांबलं, मीही थांबलो. तो थांबा इतका गोड वाटला की गाण्यात तसाच ठेवला. हा संयोजक म्हणतो, आजच्या लोकांना माइक बंद पडल्यासारखं वाटेल, म्हणून तिथे ड्रम घातलेत. समजावलं तर हो-हो म्हणाला आणि तालमीत पुन्हा तेच.

मी काही जाणार नाही. कशाला जीव जाळून घेऊ? कदाचित त्याचंच खरं असेल. ती जागा आता कुणाच्या लक्षात असणार!

पायाला जप.
तुझा,
दादा

९ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाय ठणकतोच आहे, पण तुझं पत्र वाचून डोकं जास्त ठणकलं. पन्नास वर्षांत तुझ्या नाकावरचा राग काही उतरला नाही. वहिनी गेल्यापासून पेटी उघडली नाहीस, तेव्हा मी गप्प बसले. आता बसणार नाही.

मला प्लॅस्टर घालणारी नर्स तुझंच गाणं गुणगुणत होती. त्या जागेवर आली आणि तिचे हातसुद्धा थांबले. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. मी मात्र टेबलावर पडल्या पडल्या रडले, आणि तिला वाटलं दुखतंय!

मी शिवलेला कोट घाल आणि मुकाट्याने जा. नाहीतर प्लॅस्टरसकट येऊन तुझ्या दारात बसेन.

लोभ आहेच, तुझ्या रुसव्यांसकट.
तुझी,
बेबी

१७ नोव्हेंबर

चि. बेबीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

गेलो बाई! कोट पोटावर बसत नाही, तरी घातला. शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसलो, जमलं नाही तर सटकता यावं म्हणून.

गाणं सुरू झालं आणि अख्खं सभागृह गायला लागलं. माझ्या शेजारच्या पोरीची तर आईसुद्धा तेव्हा जन्मली नसेल. ती जागा जवळ आली तसा मी डोळे मिटून घेतले. आणि बेबी, सगळे थांबले! एकजात सगळे! ड्रमवाला एकटाच धडाधडा बडवत राहिला आणि लोक हसू लागले. संयोजक वळून बघतच राहिला.

दुसऱ्या कडव्यानंतर ती जागा आली तेव्हा त्याने हात वर केला. वाद्यं गप्प, लोक गप्प. एवढ्या माणसांत तुझा दोरा तुटला, बेबी, आणि सगळ्यांनी मिळून पुढची ओळ उचलली. मी लहान मुलासारखा रडलो, सांगायला लाज कसली?

नंतर संयोजकाने मला कोपऱ्यातून शोधून काढलं, हात धरून मंचावर नेलं आणि स्वतःचे कान पकडले. भला माणूस आहे. मी तुझ्या मशीनची गोष्ट सांगितली, तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या तुझ्या. माझ्या मी आधीच, सगळे थांबले तेव्हा, घेतल्या होत्या.

काल पेटी उघडली. एक चाल डोक्यात घोळतेय, पण नुसत्या पेटीवर जमेना. तुझं प्लॅस्टर निघालं की तुझ्याकडे येतो. मशीनला तेल घालून ठेव, दोरा मात्र कच्चाच आण.

तुझा,
दादा