लुसाकाची सूनबाई

३ ऑगस्ट १९८७

श्रीपादचं पत्र आलं. डिसेंबरात येतोय — बायकोला घेऊन! दोन आठवडे राहणार!

कुमुदिनी तांदूळ निवडत होती. मी पत्र वाचून दाखवलं. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "येऊ दे की. मी वांगणीला दादाकडे जाईन."

"अगं, सून पहिल्यांदा घरी येतेय..."

"तुम्ही आहात ना? तुम्ही ओवाळा."

लग्न झाल्यावर आम्हाला कळलं, त्याला दोन वर्षं झाली. मुतिंता तिचं नाव. तिकडे आफ्रिकेत, लुसाकाला शाळेत शिकवते. श्रीपाद तिथेच रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. लग्नाचा फोटो कुमुदिनीने एकदा पाहिला आणि कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मला तो फोटो आवडतो. पोरगी हसताना डोळे मिटून घेते.

६ ऑगस्ट

आज धीर करून विचारलंच, "तिच्या रंगाचं मनात आहे का तुझ्या?"

असं बघितलं तिने माझ्याकडे! "माझी आई काय गोरी होती? बारवी नदीच्या अंगाला शेतात राबून कोळसा झालेली. रंगाचं नाही हो. बोलायचं काय तिच्याशी? तुम्ही तिघं इंग्रजीत हसणार, आणि माझ्याच स्वैपाकघरात मी मुकी बसणार. त्यापेक्षा वांगणी बरी."

श्रीपाद एकुलता एक. या खेपेला आई घरात दिसली नाही, तर तो पुन्हा कशाला येईल इतक्या लांबून?

दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करणारा कुणीतरी हवा. म्हणजे मीच. दुसरं आहे कोण!

१० ऑगस्ट

इंग्रजी माझं वाईट नाही. कारखान्याच्या ऑफिसात जन्मभर मसुदे लिहिले. पण ते कागदावर. तोंडाने 'यस सर'च्या पुढे कधी गेलो नाही.

आणि शाळेतल्या कविता! नाना मास्तर टेबलावर रूळ आपटून ताल द्यायचे आणि आम्ही सगळी पोरं इंग्रजी कविता आर्येच्या चालीत म्हणायचो. अर्थ पुष्कळ नंतर कळले. काहींचे अजून कळायचेत. आज संध्याकाळी शिवमंदिरापाशी नदीकाठी बसून एक म्हणून पाहिली. सगळी आली! एकही ओळ अडली नाही. नानांचा रूळ ऐकू येत होता. डोळे भरून आले.

पण कवितेतल्या इंग्रजीत सुनेला 'चहा घेतेस का' विचारता येत नाही.

१८ ऑगस्ट

उल्हासनगरला इंग्रजी बोलण्याच्या क्लासात नाव घातलं. कापडाच्या दुकानावर माडी आहे, तिथे हिरानंद सर शिकवतात. सगळी दुकानदारांची पोरं, आणि एक मी. स्वतःची ओळख करून द्यायची होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आय ॲम एक्सीडिंगली ग्रॅटिफाइड टु मेक युवर अक्वेंटन्स."

पोरं हसत सुटली. सर म्हणाले, "वाह साईं! अंग्रेज चले गए, दादा को किसीने बताया नहीं!"

मीही हसलो. मग सरांनी जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. "दादा, गलत बोलो, लेकिन बोलो. किसके लिए सीखना है?"

"बहू के लिए," म्हणालो. पुढच्या बाकावरच्या पोराने सरकून मला जागा करून दिली.

२९ ऑगस्ट

शेजारची मीनल कॉलेजात इंग्रजी शिकवते. चार दिवसांपूर्वी तिच्याकडे गेलो. म्हणालो, सुनेशी नुसतं हवापाण्याचं बोलायचं नाही मला. तिच्या लोकांचं काहीतरी कळायला हवं.

"काका, आता एम. ए. ला आफ्रिकन साहित्याचा वेगळा पेपर असतो! थांबा," म्हणाली आणि एक कादंबरी हातात ठेवली. तिच्याच नावावर आणलेली, कॉलेजच्या लायब्ररीतून.

अर्धी वाचून झाली. डिक्शनरी मांडीवरच आहे. काय गाव आहे! झाडाखाली म्हातारे बसतात, पाऊस लांबला की एकमेकांवर चिडतात, पाहुणा आला की कडू फळ फोडून वाटतात, आणि मगच बोलायला सुरुवात. पाद्री शाळा काढतो, पोरं शाळेत जातात आणि बापाला परकी होतात. तिथे येऊन पुस्तक मिटलं आणि श्रीपादचं पत्र पुन्हा काढून वाचलं.

१२ सप्टेंबर

दुपारी वाचतो ते कुमुदिनीला मराठीत सांगतो. ती ऐकत नसल्यासारखं करते. आज भाकरी थापता थापता अचानक, "मग त्या म्हातारीचं काय झालं? ती लेकीला भेटायला निघाली होती ती?"

"अजून वाटेतच आहे," म्हणालो.

"वाचा की मग पटपट!"

७ ऑक्टोबर

तिसरं पुस्तक. डिक्शनरीची पाठ सुटली, खळ लावून चिकटवली.

२२ नोव्हेंबर

कुमुदिनीने वांगणीला निरोप धाडला — डिसेंबरात येते म्हणून. क्लासला गेलो, पण पाठ असलेली वाक्यंही चुकायला लागली. सरांनी वही मिटली, चहा मागवला.

१९ डिसेंबर

आले!

कुमुदिनी सकाळीच निघणार होती. मग म्हणाली, "आज गेले तर आळीत चार तोंडं बोलतील. उद्या जाईन." भाकरतुकडा घेऊन दारात उभी राहिली. चेहरा मात्र बंद.

मुतिंता उंबऱ्याशी आली. कुमुदिनीने ओवाळायला हात उचलला, तोच पोरगी खाली गुडघ्यांवर बसली! मान खाली, दोन्ही तळहात पोकळ धरून हळूहळू टाळ्या वाजवल्या. अगदी मऊ आवाज. कुमुदिनीचा हात तसाच राहिला.

"काय रे करते ही?"

"आई, त्यांच्यात मोठ्यांना असा नमस्कार करतात."

"अशी? खाली बसून?" कुमुदिनीने भाकरतुकडा तिच्यावरून जरा जास्तच वेळ ओवाळला.

मग माझी पाळी! चार महिन्यांची तयारी. पुस्तकातलं ते कडू फळ आपल्याकडे कुठलं मिळायला! म्हणून ताम्हणात सुपारी ठेवली होती. ती अडकित्त्याने फोडली, पाठ केलेलं स्वागताचं भाषण केलं, पहिलं खांड तिच्यापुढे धरलं. पोरगी गोंधळून श्रीपादकडे बघायला लागली. श्रीपाद हसत सुटला.

"बाबा, हे पश्चिमेकडचं! आफ्रिकेच्या पार दुसऱ्या टोकाचं! आमच्या लुसाकात नाही असलं काही. तुम्ही म्हणजे मद्रासच्या पाहुण्याला काश्मिरी टोपी घातलीत!"

मुतिंता डोळे मिटून हसली. फोटोतल्यासारखीच! आणि कुमुदिनी, माझी कुमुदिनी, पदर तोंडाला लावून, "चार महिने वाचत होते हो! चष्म्याचा नंबर वाढला यांचा!"

माझी फजिती झाली, आणि इतकं बरं वाटलं!

२० डिसेंबर

कुमुदिनी वांगणीला गेली नाही. गुडघा दुखतोय म्हणे.

२३ डिसेंबर

परसातला भोपळ्याचा वेल बघून मुतिंता आनंदाने ओरडलीच. कोवळी पानं खुडली, ओटीत घेतली. देठापासून शिरा सोलायला बसली. कुमुदिनी कमरेवर हात ठेवून बघत होती. "अगं बाई! माझी आई अशाच सोलायची." आणि समोर फतकल मारून बसली.

मी दुभाषा म्हणून स्टूल घेऊन दोघींच्या मध्ये जाऊन बसलो. वाक्यं तयार होती. जरा वेळाने दोघींनी मिळून मला उठवलं, परात ठेवायला जागा हवी होती.

पाला शेंगदाण्याचं कूट घालून शिजवला. सोबत मक्याच्या पिठाचा घट्ट उकडीसारखा गोळा — पीठ हिरानंद सरांनी मुद्दाम दळून दिलेलं. मुतिंता लाकडी उलथण्याने घोटत होती. कुमुदिनीने तिच्या हातातून ते काढून घेतलं, जोर लावून घोटून दाखवलं. मुतिंताने परत घेतलं, तिच्या पद्धतीने घोटलं. कुमुदिनी मराठीत भांडत होती, ती तिच्या भाषेत. इंग्रजीचा एक शब्द नाही!

मी ओसरीवर बसून ऐकत होतो.

२७ डिसेंबर

आज मुतिंताबरोबर शिवमंदिरापर्यंत चालत गेलो. कवितांचा विषय निघाला. तिच्याही शाळेत आमच्यासारखंच, घोकून पाठ! बर्फावरच्या कविता. बर्फ तिने पाहिलेला नाही, मीही नाही. तिने एक साधी सरळ म्हटली, मी माझी आर्येत म्हटली. टाळी देऊन हसली.

मग विचारलं, लग्नाच्या फोटोत शेजारी उभी आहे ती आई ना? म्हणाली, नाही, ती मावशी. आई ती लहान असतानाच गेली, धाकट्या भावाच्या बाळंतपणात. आईचा चेहरा आठवत नाही, फक्त तिचं पीठ चाळताना गुणगुणणं आठवतं. वडिलांनी वाढवलं. थांबत थांबत सांगत होती, सोपे शब्द निवडून, माझ्यासाठी. मला सगळं कळलं. एकही शब्द अडला नाही.

घरी येऊन कुमुदिनीला सांगितलं, जसंच्या तसं. ती बराच वेळ कढई घासत राहिली. घासलेलीच होती ती.

"आणि मी म्हणे वांगणीला जाणार होते," इतकंच बोलली.

२ जानेवारी १९८८

आज गेले दोघं. कुमुदिनीने खणानारळाने ओटी भरली. तांदळातले पाच दाणे मुतिंताच्या हातून परत आपल्या ओटीत टाकायला लावले. मुतिंता पुन्हा गुडघ्यांवर बसायला गेली, तर तिला धरून ठेवलं. "नको गं, नको आता खाली बसू." मग श्रीपादला बाजूला घेऊन हळूच, "डॉक्टरकडे ने तिकडे गेल्यावर. दिवस गेलेत तिला."

"आई, तिने तर काहीच..."

"सकाळी आमसूल चोखत बसते, कालपासून चहाचा वास नको झालाय. मला काय इंग्रजीत सांगायला हवं?"

१४ फेब्रुवारी

पत्र आलं. खरंच आहे. ऑगस्टात.

कुमुदिनीने लग्नाचा फोटो साड्यांखालून काढून देवाशेजारी ठेवला.

२ मार्च

कुमुदिनी माझ्या आधीच नेसून तयार. "चला, फोटोवाल्याकडे. पासपोर्टला फोटो लागतात ना?"

"कुणाच्या?"

"माझ्या. पहिलं बाळंतपण आईकडे होतं. तिला आई नाही, मग आईनेच तिकडे जायचं. श्रीपादला कळवलंय मी, मीनलकडून लिहून घेऊन."

हिने कर्जतच्या पुढचं काही पाहिलेलं नाही!

"आणि मी?"

"बाळंतिणीच्या खोलीत तुमचं काय काम? तुम्हाला पुस्तकं आहेत की."

फोटो काढून आलो. जेवणं झाली. मग माझ्यासमोर येऊन बसली, शाळेत बसतात तशी, हात मांडीवर.

"मला दोनच वाक्यं शिकवा इंग्रजीतली. 'दुखतंय का' आणि 'भूक लागली का'. बाकीचं मी बघून घेईन."