रिहाब हजब्यातून कशी सुटली

सदुइकेश, जेरबा
अंजिरं वाळत घातलीत ते दिवस

माझी पाठची बहीण मन्नूबिया,

आधी अल्लाहचं नाव, मग तुला सलाम, तुझ्या घरधन्याला सलाम, सुनांना, नातवंडांना आणि तुझ्या त्या चावऱ्या बोकडालाही सलाम (आहे ना अजून, की ईदला आला कामी?). तुझा खोकला कसा आहे? सफाक्सची हवाच वाईट, मी लग्नातच म्हटलं होतं, पण तेव्हा तुला नवऱ्याच्या मिशा दिसत होत्या, हवा दिसत नव्हती. आम्ही इकडे सुखरूप. अक्षर वाकडं आलंय ते गोड मानून घे. बायकांच्या साक्षरता वर्गात जेवढं शिकले तेवढ्या भांडवलावर हे चाललंय, आणि तिथेही अर्धा वेळ बाईंनाच मी मलूखिया कशी शिजवायची ते शिकवत होते. एक मात्र कर. हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस. तुझ्या सुनेनं ऐकलं की ती तिच्या आईला सांगणार, आणि तिची आई आमच्याच गावची.

तर रिहाबचं सांगते. माझ्या लमीनची थोरली, सालहाच्या वजदीला दिलेली. तिला हजब्यात बसवली. आपल्या वेळी होतं अगदी तसंच: खोलीला जाड पडदे, उन्हाचा कवडसासुद्धा आत यायचा नाही, अंगाला गेलाला गावची माती, उठता-बसता खाणं, आणि लग्नाच्या दिवसापर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. नवरी गोरी व्हायला हवी, अंगानं भरायला हवी. तिनं मध्येच पाऊल बाहेर टाकलं तर अपशकुन तो अपशकुन, वर सासरचे टोमणे जन्मभर. राखणीला मला बसवलं. आमच्या सूनबाई नजात म्हणाल्या, म्हातारीला नाहीतरी दुसरं काम काय. (मी काही बोलले नाही. पण त्या दिवशीच्या मसूर आमटीत मीठ घालायचं विसरले.)

आता गंमत अशी, की पोरगी हजब्यात बसली आणि तिसऱ्याच दिवशी सरकारचा निरोप आला. इंग्रजीच्या मास्तरणीच्या जागेसाठी तोंडी परीक्षा, मदनीनला, ऐन हजब्याच्या मध्यात. तुला ठाऊकच आहे, पोरीनं पदवी घेतली त्याला किती वर्षं झाली. तेव्हापासून ती बाजारात टेलिफोनच्या दुकानात बसून लोकांच्या फोनांना काचा चिकटवते. लमीन म्हणाला, पुढल्या वर्षी देईल, परीक्षा काही पळून जात नाहीत. नजात म्हणाली, सालहाला कळलं तर काय म्हणेल? दोघांचं बोलून झालं आणि विषय संपला. रिहाब काहीच बोलली नाही. तोंडाला माती फासली होती, बोलली असती तर भेगा पडल्या असत्या. पण डोळ्यांतून दोन धारा आल्या आणि मातीत ओहोळ पडले. मला ते बघवेना. एवढी माती मी गाळून, भिजवून, नारंगीच्या फुलांचं पाणी घालून केलेली.

त्या परीक्षेत म्हणे वर्गात शिकवतात तसं शिकवून दाखवायचं असतं. एक शब्द घ्यायचा आणि त्याचे सगळे अर्थ उलगडून दाखवायचे. रिहाबनं शब्द घेतला एस्केप. म्हणजे सुटणं, निसटणं. मी म्हटलं, जायचंच नाही तर शिकवतेस कुणाला? म्हणाली, तुलाच शिकवते, आजी, नाहीतर या अंधारात मला वेड लागेल. मग काय, बसले मी शिकायला. मन्नूबिया, काय शब्द आहे गं. एकच, पण घरातल्या थोरल्या सुनेसारखा, सगळीकडे तोच राबतो. कैदी तुरुंगातून सुटला, एस्केप. गॅसच्या टाकीतून गॅस निसटला, एस्केप. गाडीखाली येता येता वाचलो, तरी एस्केप, आणि तिथे म्हणे त्याच्या आधी 'अरुंद' असा शब्द लावतात, म्हणजे फट एवढीशीच होती. उंच इमारतीला आग लागली तर उतरायचा जिना असतो, त्यालाही तेच नाव. एखाद्याचं नाव ऐन वेळी आठवत नाही तेव्हा इंग्रज म्हणतो, नाव माझ्यापासून सुटलं (म्हणजे दोष नावाचा, आपला नाही. हे मला फारच आवडलं). आणि दुकानातल्या कंप्युटरवर कोपऱ्यात याच नावाचं एक बटण असतं, भलतीकडे जाऊन अडकलं की ते दाबायचं. मी म्हटलं, असं बटण न्हाव्याच्या बायकोशी गप्पा मारताना हवं.

मी काही गप्प बसून शिकणारी नव्हे. विचारलं, मग आपली तांबडी कोंबडी त्या दिवशी पळाली ती एस्केप का? रिहाब म्हणाली, नाही, तू तिला विहिरीपाशी धरलीस ना? नुसतं पळालं म्हणजे सुटलं असं नाही, धरणाऱ्याच्या हाती लागलं नाही तरच एस्केप. हे सांगताना पोरीचा आवाज असा काही खणखणीत निघाला की मी मातीचं भांडं खाली ठेवलं. ही दुकानात काचा चिकटवायला जन्मली नाही, हे मला तेव्हा कळलं. म्हटलं, ऊठ. परीक्षेला जा. हाती लागू नकोस म्हणजे झालं.

परीक्षेच्या दिवशी नजात लमीनला घेऊन आपल्या भावाकडे गेली होती, लग्नाच्या कुसकुसाचा रवा वळायला. मी रिहाबचं तोंड धुतलं, माझी पांढरी चादर तिला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळली, वर माझी गवती टोपी. चादरीत सगळ्या म्हाताऱ्या सारख्याच दिसतात, हा आपल्या बेटाचा मोठाच गुण. सांगितलं, कमरेत वाक, गुडघा धरून चाल, कुणी 'तुर्किया' म्हणून हाक मारली तर नुसती मान हलव. तिच्या अंगावर माती लावलेली चोळी होती ती मी घातली, हाताला कोपरापर्यंत माती फासली, डोक्यावरून नवरीचा लाल पदर ओढला आणि अंधाऱ्या खोलीत तिच्या गादीवर जाऊन बसले. माझा हिशोब असा की कुणी डोकावलंच तर नवरी आहे एवढं दिसलं म्हणजे पुरे. येणारं असं कुणी नव्हतंच. खरं सांगू? गादी मऊ होती, ताटलीत बदामाच्या वड्या होत्या. माझ्या स्वतःच्या हजब्यात मला एवढा आराम मिळाला नव्हता.

तिसरी वडी तोंडात होती आणि दारात सालहा.

विहीणबाई, एकट्या, कडेवर माशांची टोपली. नवरी कितपत गोरी झाली ते बघायचा तिला हक्कच आहे, पण आजच यावं? मी वडी तशीच गिळली. एक बरं होतं, नवरीनं सासूपुढे तोंड उघडायचं नसतं, नजर वर करायची नसते. मी मान इतकी खाली घातली की कंबर मोडली. सालहा शेजारी बसली. तुला ती आठवते ना? कमी बोलते, पण बोलते तेव्हा खवल्यांसकट सोलते. मग तिनं माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. माझे हात म्हणजे जुन्या ऑलिव्हच्या झाडाची साल.

"पोरी, लग्नाआधीच पन्नास वर्षं संसार केलास की गं," सालहा म्हणाली.

मी हललेही नाही. मनात म्हटलं, गेलं. लग्न गेलं, नोकरी गेली, लमीनची इज्जत गेली, आणि हे सगळं माझ्या हातून, त्या हातावर माती असताना. सालहानं हात सोडला नाही. दाराकडे बघत, आवाज खाली आणून तिनं विचारलं, "वडाप मिळाली का तिला?"

मी पदराआडून मान हलवली.

"परीक्षेचं वजदीकडून कळलं होतं, आणि आज रस्त्यावर पाहिलं मी. तुर्किया आणि धावतेय? मी तुला ओळखत नाही होय? सोबत गल्लीतली हदिया होती, तिनं हाक मारली तरी बाई थांबल्या नाहीत. आता नीट झाकून बस, हदिया गाणी म्हणायला येतेय मागून."

आणि मन्नूबिया, ती उठली, दारात पाट टाकून बसली. हदिया आली तर म्हणाली, नवरीचं डोकं दुखतंय. न्हाव्याची बायको आली तर म्हणाली, नवरी झोपलीय. कुणी तरी मेंदी घेऊन आली, तिची मेंदी ठेवून घेतली आणि तिला वाटेला लावलं. सबंध दुपार ती तशी बसून होती, मासे तिथल्या तिथे साफ करत. माझ्याशी पुढे एक शब्द नाही. फक्त एकदा, माशाच्या पोटात सुरी घालता घालता, म्हणाली, "मला शिवणाच्या शाळेत जायचं होतं. तेव्हा दारात माझी सासू बसायची." आणि परत खवले काढायला लागली.

उन्हं कलल्यावर ती निघाली, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिहाब, माझ्या चादरीत, दोन-दोन पावलं एकदम टाकत येतेय. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. सालहा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "हळू चाल गं तुर्किया, वयाचं भान ठेव." पोरगी तिथल्या तिथे कमरेत वाकली ती घरात येईपर्यंत सरळ झाली नाही.

परीक्षा कशी झाली विचारलंस तर सांगते. परीक्षक बाईंनी म्हणे तिच्या कानामागची वाळकी माती पाहिली आणि विचारलं, तू हजब्यातून आलीस का? रिहाबला खोटं बोलता येत नाही (तेवढं एक तिनं माझ्याकडून घेतलं नाही). हो म्हणाली. बाई म्हणाल्या, बरं, मग शिकव. तिनं एस्केप शिकवला, कैदी, गॅस, जिना, आणि माझी तांबडी कोंबडीसुद्धा. काल निकाल लागला. रिहाब पास. शाळा अजीमला मिळालीय, बेटावरच. लमीनला वाटतं, परीक्षा न देतासुद्धा सरकार कधी कधी नोकरी देतं. मी म्हटलं, सरकार मोठं दयाळू आहे.

मी इतकी खूश आहे की काल तांबड्या कोंबडीला मूठभर गहू जास्त टाकले. लग्नाला लवकर ये, बोकड आणू नकोस. सगळ्यांना पुन्हा सलाम.

तुझी थोरली
तुर्किया

ता. क. खरं काम राहूनच गेलं. मला वाटीभर मलम मावेल एवढ्या बाटल्या पाठव, पुष्कळ. हदियानं गावभर सांगितलंय की तुर्किया वडापमागे हरणासारखी धावली. आता लोकांपुढे दोनच गोष्टी: एकतर माझे गुडघे बरे झाले, नाहीतर नवरी हजब्यातून बाहेर पडली. म्हणून मी सांगून टाकलं, माझी बहीण सफाक्सहून एक मलम पाठवते, त्यानं झालं, आणि आता सगळ्याजणींना ते हवंय. काहीही घाल त्यात. साधं तेल आणि थोडा कापूर चालेल. हिरवा रंग आला तर उत्तम. तोवर मला रोज हदियाच्या दारावरून झपझप चालत जावं लागतंय आणि घरी येऊन रडत पाय शेकावे लागतायत, तेव्हा उशीर करू नकोस.

ता. क. पुन्हा. तरी न्हाव्याच्या बायकोला संशय होताच. काल हम्मामात सगळ्यांदेखत तिनं विचारलं, तुर्किया, खरंच मलम का गं? मी उत्तर शोधत होते, तोच सालहा पलीकडून म्हणाली, "मी दोन दिवस लावतेय तिच्याकडचं, माझाही डावा गुडघा वाकायला लागला." आणि सगळ्यांसमोर गुडघा वाकवून दाखवला. दुखत होता, मला दिसत होतं. तेव्हा बाकीच्या बाटल्यांत काहीही भर, पण एकीत खरं मलम घाल, तुझ्या नवऱ्याला लागू पडलं होतं ते, आणि तिचं झाकण लाल कर.